लेन्स जोडलेली नाही

कॅमेऱ्याला वाटतं, आपल्या तोंडावर काहीच नाही.
पडद्यावर तो लिहितो: लेन्स जोडलेली नाही.
मी आत जाऊन, तिसऱ्या पानावर, त्याची समजूत घालते.
लेन्सशिवाय शटर: चालेल.

मनिरामजी नाकाड्यांची ही, पंचावन्न एमएमची.
तळोधीच्या बाजारओळीत त्यांचा स्टुडिओ होता,
आता तिथे मोबाईलच्या काचा बदलून मिळतात.
त्यांच्या सुनेने ती तांदळाच्या डब्यातून काढून दिली
(तांदळात बुरशी धरत नाही, असं सासरा म्हणायचा),
दोनशे रुपये
आणि पोराचे चार पासपोर्ट फोटो.

काच पिवळी, हळद धुतलेल्या पाण्यासारखी.
म्हातारपण नव्हे ते,
काचेत मिसळलेल्या कुठल्याशा धातूचा स्वभाव:
अंधारात ठेवली की पिवळी पडत जाते.
उपाय एकच, ऊन,
आणि त्याची आमच्याकडे कधी टंचाई झाली नाही.
एप्रिलभर ती स्लॅबवर पडून होती
मोहफुलांच्या शेजारी, चांदीच्या कागदावर.
एक दिवस मागचं झाकण लावायला विसरले
आणि वाळत घातलेल्या लुगड्याला
तांदळाच्या दाण्याएवढं भोक.
"डोरा हाय का अंगार?" आई म्हणाली,
पण लेन्स हलवली नाही तिने,
लुगडंच हलवलं.

मोह विकून झाला तोवर काच निवळली होती.

आता बसवायची कशी.
जुन्या कॅमेऱ्याच्या पोटात आरसा असायचा,
दर फोटोला टप्पकन वर उडायचा.
नव्यात आरसा नाही.
त्याने सोडलेली जागा मात्र लेन्सला हवीच,
तिला तेवढ्या लांबून पाहायची सवय.

नत्थूजी शेंडे लेथवर राइस मिलचे बुश काढतात.
माझी मोडकी रिंग डोळ्याला लावून
त्यांनी तिच्यातून माझ्याकडे पाहिलं.
"काच कुठी हाय इच्यात?"
नाही.
"मंग हे करते काय?"
लांब ठेवते.
"लांब ठेवाची मजुरी!"
हसले, आणि व्हर्नियर शोधायला लागले.

मागचा भाग जुन्या रिंगेचा, पुढचे आटे त्यांचे,
जळलेल्या मोटारीच्या झाकणातून काढलेले.
पहिल्या दिवशी हँडपंपापर्यंतच दिसलं.
हँडपंप लख्ख: दांड्याचा गंज, तोटीला लोंबणारा थेंब.
पलीकडे बांध्या विरघळलेल्या,
पेरजागड म्हणजे धुराचा ढीग.
लेन्सवर आडवा आठ कोरलेला असतो, अनंताचा.
आठावर आणून टेकवली
तरी ती हँडपंपावरच घुटमळे.

"किती कमी पडून राह्यलं?"
केसभर.
"कोनाचा केस? तुहा का माहा?"
नत्थूजींना टक्कल आहे.

तीनदा गेले.
तीनदा त्यांनी मिलचं काम थांबवलं,
रिंग घासली, मोजली, फुंकली.
तिसऱ्यांदा त्यांच्या दारातच उभं राहून
मी लेन्स फिरवली, जड, तेलकट, ऐकणारी,
आणि पेरजागडाला कड आली.
"आलं का?"
आलं.
मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला.
एक डोळा मिटून बराच वेळ गप्प.
"डोंगर तं तसाच हाय,"
म्हणाले, जरासे नाराज.

मग त्यांचाच फोटो काढला, छिद्र पूर्ण उघडून.
भुवईवरचा काळा डाग तेवढा धारदार,
मागे लोखंडाच्या किसाचे
गोल गोल दिवे झालेले.

रात्री फोटोची माहिती उघडली.
तारीख, वेळ, शटर, सगळं त्याने नीट लिहिलेलं.
छिद्र: शून्य.
लेन्स: दोन आडव्या रेघा.
मी वही काढली.
नाकाडे, पंचावन्न. रिंग, शेंडे.
मजुरी नव्वद. दिले शंभर.
त्यांच्याकडे सुटे नव्हते.
दहा रुपये बाकी.